पासिंग

समोर येईल त्याला पास की नापास हे ठरवून टाकणारा एक माणूस माझ्या गिऱ्हाइकांत होता. मनातल्या मनात ठरवून गप्प बसला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं, पण भाऊ ते तोंडावर सांगायचे. पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा काय हवंय ते सांगायच्या आधी त्यांनी शर्टाच्या खिशातून एक छोटी लेव्हल काढली, गवंड्याकडे असते तसली, बुडबुड्याची. माझ्या काउंटरवर ठेवली, बुडबुडा एका बाजूला पळाला तो बघितला आणि म्हणाले, "ताई, टेबल नापास हाय. रिवर्क लागंल."

मी म्हटलं, "टेबल विकायला नाहीये हो. हॉर्न, लाइट, सीटकव्हर विकायला आहेत. तुम्हाला काय हवंय?"

"हार्न. पन पास व्हनारा द्या."

दुकान लोणावळ्यात, वरच्या पॉइंटांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. सासऱ्यांनी काढलं, नवरा कंपनीत जातो, चालवते मी. गाड्यांना जे जे वरून लावता येतं ते सगळं आमच्याकडे मिळतं, आणि सीटा मी स्वतः शिवते. रेक्झिन शिवता शिवता बोटं इतकी निबर झालीत की आता सुई टोचली तरी कळत नाही. तोंडही तसंच झालंय असं नवरा म्हणतो. तर अशा बाईला पहिल्याच दिवशी टेबल नापास म्हणून सांगणारा माणूस मला आवडायचं काही कारण नव्हतं. मी त्यांना हॉर्न दिला आणि मनात म्हटलं, पुन्हा नाही आला तर बरं. पण भाऊ येतच राहिले.

भाऊंची नोकरी सगळी तळेगावकडच्या नवलाख उंबरे गावाजवळ एका कारखान्यात गेली, क्वालिटी खात्यात. मशीनवरून सुटा भाग आला की तो हातात घ्यायचा, मापायचा, बरा असला तर ओके, सुधारण्यासारखा असला तर परत मशीनवर, म्हणजे रिवर्क, आणि तेही नसलं तर लाल रंगाचा फटकारा. रिटायर होऊन पठारावरच्या आपल्या वाडीत परत आले तेव्हा कारखाना मागं राहिला, पण लाल रंग डोक्यातच राहिला. चहा दिला तर कप पूर्ण रिकामा करून सांगायचे, "च्या नापास." मी एकदा म्हटलं, मग प्यायलात कशाला? तर म्हणाले, "पुरा तपासल्याबिगर नापास कसा करनार?" पुतण्याच्या लग्नात व्याह्यांसमोर नवरदेवाकडं बघून "रिवर्क" म्हणाले होते, त्यावरून भावकीत दोन वर्षं बोलणं बंद होतं. हे मला त्यांच्या बायकोनं सांगितलं, आणि सांगताना ती पदर तोंडाला लावून हसत होती. स्वतःलाही ते सोडत नसत. कधी हनुवटीवर कापलेलं दिसायचं, आपण बघितलं की आपणहून सांगायचे, "आज दाढी नापास."

आता त्यांच्या गाडीचं सांगते. पठारावर पर्यटकांना चिखलातून फिरवायचा एक पार्क निघाला होता, तो बंद पडला, आणि तिथल्या जुन्या बग्ग्या निघाल्या भंगारात. त्यातली एक भाऊंनी आणली. या बग्ग्या तुम्ही पाहिल्या असतील. जाड जाड चाकं, वर लोखंडी नळ्यांचा पिंजरा, दार नाही, काच नाही, आणि दोन सीटा शेजारी शेजारी. चिखल, दगड, ओढा, कुठूनही जाते. गावातल्या लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला रिटायर झाल्यावर चेव आलाय. मलाही तसंच वाटलं होतं. मग एक दिवस ते बायकोला घेऊन आले.

मावशी म्हणजे मूठभर बाई. हातपाय काटक्यांसारखे आणि चेहरा तेवढा सुजलेला. एका हातात हिरव्या बांगड्या आणि दुसरा हात रिकामा, तो पदराखाली मांडीवर जपून ठेवलेला. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा तळेगावला मशीनवर घालायचं, त्या हातातून रक्त काढायचं, धुवायचं, परत आत सोडायचं. म्हणून त्या हातात बांगडी नाही, त्या हाताला कुणी धरायचं नाही. मी पाणी पुढं केलं तर मावशींनी भाऊंकडं बघितलं. भाऊंनी ग्लासावर बोट ठेवून दाखवलं, इथपर्यंत. पाणीसुद्धा मोजून प्यायचं होतं त्या बाईला. बाहेर आमच्याकडे पडतो तसा धो धो पाऊस पडत होता, मुंबईची पोरं मुद्दाम भिजत नाचत होती, आणि मावशी दोन घोट पिऊन बाहेर बघत म्हणाल्या, "बघ की गं. एवढं पानी."

वाडीपासून डांबरापर्यंत निव्वळ चिखलाची वाट. पावसाळ्यात तिथं रिक्षा सोडा, बैलगाडीसुद्धा रुतते. आधी भाऊ त्यांना मोटरसायकलवर मागं बसवून आणायचे. एकदा मशीनवरून परतताना मावशींना भोवळ आली आणि त्या मागच्या मागं चिखलात पडल्या. भाऊंना ते बरंच पुढं गेल्यावर कळलं. त्याच्यानंतर आली ही बग्गी.

"आयुष्यभर ह्यांची पाठच बघितली," मावशी मला म्हणाल्या. "आता शेजारी बसतीया तर तोंड दिसतंया. तसं काय बघन्यासारखं न्हाई, पन दिसतंया."

भाऊ म्हणाले, "तुझंबी रिवर्कलाच आलंय."

मुलगी होती एक, इंदुरीला दिलेली. ती सारखी म्हणायची, आईला माझ्याकडं आणून ठेवा, तळेगाव हाकेवर आहे. मावशी चार दिवस राहून आल्या आणि परत गेल्या नाहीत. जावयाच्या घरी आजारी पडून राहायला त्यांचं मन घेत नव्हतं. भाऊंनीही जोर केला नाही. मला वाटतं त्यांना ती शेजारीच हवी होती.

तर सीट. भाऊंनी मला ती समजावून सांगितली तेव्हा मी वैतागले होते, कारण गिऱ्हाइकांची गर्दी आणि हे आपले खडूनं माझ्या फरशीवर चित्र काढतायत. पाठ उंच हवी. खांद्यांना दोन्ही बाजूंनी धरणारे गाद्यांचे कान हवेत. पट्टा एका खांद्यावरून नको, दोन्ही खांद्यांवरून आणि कमरेतून हवा, रेसच्या गाड्यांत असतो तसा. त्या हाताला ठेवायला मऊ कप्पा हवा. आणि मानेला दोन्हीकडून आधार, कारण मशीनवरून येताना तिच्यात काही त्राणच राहत नाही, मान पडते. "झोपली तर झोपू दे," म्हणाले, "पन मान पडाय नको."

मी शिवून दिली. ते घेऊन गेले आणि परत घेऊन आले, नापास. कशावरून ठरवलं म्हणाल तर त्यांनी सीटवर तांदळाचं पोतं पट्ट्यानं बांधलं, पोत्यावर डोकं म्हणून भोपळा ठेवला आणि वाटेनं बग्गी पळवली. भोपळा ओढ्यात पडला. मी उसवलं, फोम वाढवला. दुसरा भोपळा पडला. मी त्यांना सांगितलं, भाऊ, आता मी हात टेकले, तुम्ही दुसरीकडे बघा. त्यांनी भोपळ्याची एक फोड माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, घरी भाजी करा. काय करणार अशा माणसाचं. मी तिसऱ्यांदा उसवलं, मानेच्या आधाराला आतून पत्र्याची पट्टी घातली. त्या दिवशी भोपळा घरी पोचला. भाऊ मुद्दाम सांगायला आले. तेवढी एकच वस्तू त्यांनी माझ्या देखत पास केली.

ते येत कसे हेही सांगायला हवं, कारण त्यावर सगळं लोणावळा हसायचं. बग्गी टेम्पोत चढवून आणायचे. डांबर सुरू होतं तिथं एक उंबर आहे. तिथपर्यंत बग्गी, आणि तिथून पुढं टेम्पो. मावशींना मशीनवर न्यायचं असलं की उंबराखाली बग्गी उभी करायची, ओळखीचा रिक्षावाला वर यायचा, त्यांना उचलून रिक्षात ठेवायचं. कारण बग्गीला नंबर नव्हता. या गाड्यांना नंबर मिळतच नाही, त्या रस्त्यासाठी नाहीतच. पण म्हणून कुणी थांबतं का? बंगलेवाल्यांच्या, रिसॉर्टवाल्यांच्या बग्ग्या राजरोस फिरतात, चिक्की घ्यायला बाजारात येतात. भाऊ नाही. डांबराला चाक लावायचं नाही.

एकदा भाऊ दुकानात असताना असाच एक मुंबईचा मुलगा आला. बग्गी तशीच, पण नवी कोरी. दोन सीटांवर तिघं बसलेले, पट्टा कुणालाच नाही. त्याला चाकांखाली निळे दिवे आणि स्पीकर हवे होते. भाऊंनी त्याच्या गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाले, "नापास." तो हसला. मग टेम्पोवर चढवलेली भाऊंची बग्गी त्याला दिसली. तिला दोन्ही बाजूंना आरसे, पुढं काच, वायपर, चारी कोपऱ्यांना इंडिकेटर, मागं रिफ्लेक्टर, मडफ्लॅप, आणि स्टिअरिंग परदेशी पद्धतीनं डावीकडं आहे म्हणून मागं रंगवलेली तशी पाटी. "अंकल, ये टेम्पो पे क्यों रखी है?" भाऊ म्हणाले, "नंबर न्हाई तिला." तो पोरगा खोकला लागेपर्यंत हसला. "अंकल, नंबर तो मेरी को भी नहीं है!" त्याला हवे ते दिवे माझ्या मागच्या फळीवरच होते. मी त्याला सांगितलं, माल संपलाय, पुढच्या आठवड्यात या.

तो गेल्यावर मी भाऊंना म्हटलं, "सगळे चालवतात. तुम्हालाच कसली एवढी भीती?"

"धरली तर?"

"कुणी धरत नाही."

"आन धरलीच तर? गाडी जाती चौकीत. मंग हिला चिखलातनं कोन आननार? त्यांची जप्त झाली तर ते दुसरी घेत्याल. माझ्याकडं हीच हाय."

त्यांचं चुकत नव्हतं, आणि तरी मला राग येत होता.

पण या शहाणपणाला चिकटूनच त्यांचं वेड होतं. आमच्याकडे गाडीच्या नोंदणीला सगळे पासिंग म्हणतात. गाडी पासिंग झाली का, कुठली पासिंग आहे, असं. हा शब्द भाऊंच्या डोक्यात असा काही बसला होता की निघता निघेना. आयुष्यभर त्यांनी एकच पाहिलं होतं. वस्तूत काही कमी असेल तर ती नापास होते, कमी ते भरून काढलं की पास होते. मग गाडीचं वेगळं काय असणार? ते टेम्पो करून बग्गी घेऊन आरटीओत गेले. तिथला साहेब चांगला होता म्हणे, उठून बाहेर आला, गाडीभोवती फिरला, म्हणाला, काका, गाडी झकास केलीत, पण ही रस्त्यासाठी बनवलेलीच नाही, हिला पासिंग नसतं. भाऊ म्हणाले, कमी काय हाय तेवढं सांगा. साहेबानं परत समजावलं. भाऊंनी परत विचारलं. शेवटी तो बिचारा हसत म्हणाला, "आता कमीच काढायचं म्हटलं तर काका, नंबर प्लेटवर दिवासुद्धा नाही तुमच्या."

झालं. भाऊ तिथून थेट माझ्याकडं. "ताई, सापडलं. नंबर पलेटीचा दिवा ऱ्हायला हुता."

मी कपाळावर हात मारला. त्यांना बसवलं, चहा दिला आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं की भाऊ, पासिंग म्हणजे परीक्षा नाही. नोंदणी आहे. तुमची गाडी कितीही चांगली असली तरी ह्या जातीची गाडीच त्यांच्या यादीत नाही. तुम्ही विमान घेऊन गेलात तरी ते हेच सांगतील.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "परीक्षा न्हाई, तर पास कशाला म्हनत्यात?"

दिवा त्यांनी लावून घेतलाच. मागं कोरी पांढरी प्लेट आणि तिच्यावर दिवा. असं तीन-चारदा झालं. दर वेळी आरटीओत कुणीतरी काहीतरी बोलायचं आणि भाऊ ते घेऊन माझ्याकडं यायचे. एकदा मागच्या चाकांवरची झाकणं. एकदा रिव्हर्सचा भोंगा. मी दर वेळी सांगायचे की याचा उपयोग नाही, आणि ते दर वेळी सांगायचे, "तुमी लावा तर." मावशी बाहेर टेम्पोत पुढं बसून हे बघायच्या. एकदा मला जवळ बोलावून म्हणाल्या, "त्यास्नी लावू दे, पोरी. घरी बसलं की माझ्याकडं बघत बसत्यात. हातात पाना असला की बरं असतंय."

त्या पावसाळ्यात शनिवार-रविवारची गर्दी विचारू नका. वरच्या पॉइंटांकडे जाणारा रस्ता सकाळीच तुंबायचा तो अंधार पडेपर्यंत. मावशींच्या मशीनच्या दोन वारांपैकी एक शनिवार होता, आणि त्या शनिवारी रिक्षावाला वर पोचूच शकला नाही. भाऊ दुपारपर्यंत उंबराखाली थांबून परत गेले. हॉस्पिटलला फोन केला, त्यांनी सोमवारी सकाळी या म्हणून सांगितलं. पाणी देऊ नका म्हणाले. भाऊंनी दिलं नाही.

रविवारी दुकानासमोर गाडीला गाडी लागून उभी होती. पोरं टपांवर चढून गाणी म्हणत होती. खालच्या वळणावर एका अँब्युलन्सचा आवाज येत होता, पण तो पुढं सरकत नव्हता, एकाच जागी. तेवढ्यात भाऊंचा फोन आला.

"ताई, अँब्युलन्स निघाली म्हनत्यात. तुमच्याकडनं दिसती का?"

मी रस्त्यावर येऊन खालच्या वळणाकडं बघितलं. म्हटलं, "दिसतेय भाऊ. अडकलीय. काय झालं?"

"हिला दम लागलाय. आडवी केली की गुदमरती, म्हनून सीटवरच बसवून ठिवलीया. उंबराखाली हाय आमी. लय येळ झाला."

"गाडी घेऊन खाली या."

"नंबर न्हाई, ताई."

"भाऊ, खड्ड्यात गेला नंबर. या म्हणते ना."

"नाक्यावर पोलीस हायेत. जप्त झाली तर उद्या सकाळी हिला कशानं आनू?"

ते उद्याचं बोलत होते. मी फोन तसाच हातात धरून नाक्यापर्यंत धावले. रेनकोट घातलेला एक हवालदार शिट्ट्या मारून मारून बेजार झालेला तिथं उभा होता. मी त्याला काय सांगितलं मला आठवत नाही, पण त्याला कळलं. त्यानं फोन घेतला आणि म्हणाला, "आबा, गाडी आणा खाली. मी उभा आहे इथं."

भाऊंचा आवाज मला फोनबाहेरही ऐकू आला. "साहेब, नंबर न्हाई गाडीला."

"नसू दे. कडेच्या चरातनं आणा. कोण अडवतंय तुम्हाला?"

मग भाऊ आले. डांबर सोडून कडेच्या चरातून, दोन चाकं पाण्यात आणि दोन कडेवर, बग्गी एका अंगाला कललेली, पण थांबली कुठंच नाही. दिवे लावलेले, हॉर्न देत, इतक्या गाड्यांच्या रांगेला वळसा घालून चहा गार व्हायच्या आत खाली आले. गाड्यांतल्या लोकांना वाटलं काहीतरी मजा चाललीय. काचा खाली झाल्या, मोबाइल बाहेर आले, कुणी शिट्ट्या वाजवल्या. हवालदार माझ्याबरोबर दुकानापर्यंत आला होता आणि हात पसरून लोकांना मागं रेटत होता. भाऊंनी दुकानासमोर बग्गी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि चारी इंडिकेटर चालू केले, रस्त्याच्या कडेला गाडी उभी करताना करायचे तसे. माझ्याकडं बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं.

"एवढ्या खड्ड्यातनं आनली, ताई," म्हणाले, "पन मान हलू दिली न्हाई."

मावशी ताठ बसल्या होत्या. खांद्यांवरून पट्टे, मान आधारात, डोक्यावरचा पदरसुद्धा सरकलेला नव्हता. डोळे अर्धे उघडे, समोरच्या काचेकडं. वायपर चालू होता आणि त्या डोळ्यांत काही हलत नव्हतं. मी बांगड्यांचा हात धरला आणि सोडून दिला. माझी सासू माझ्या हातात गेली आहे. मला कळायला वेळ लागत नाही.

खालून अँब्युलन्समधली डॉक्टर गाड्यांच्या मधून पळत आली, बॅग घेऊन. पंचविशीतली मुलगी, गुडघ्यापर्यंत चिखल. तिनं मानेला बोटं लावली, डोळ्यांत बॅटरी मारली, छातीला यंत्र लावलं. मग उठली आणि भाऊंकडं न बघता माझ्याकडं बघितलं. "गेल्यात," म्हणाली. "थोडा वेळ झाला असेल."

"न्हाई," भाऊ म्हणाले. "आत्ता वळनावर म्हनली की, हळू घ्या."

भाऊ आठवायला लागले. कपाळाला आठ्या घालून, एखादं माप परत तपासावं तसे.

"न्हाई," जरा वेळानं म्हणाले. "ते तिनं निघताना म्हनलं. उंबराजवळ. त्याच्याफुडं मीच बोलत हुतो."

अँब्युलन्स मेलेलं माणूस नेत नाही. डॉक्टरनं ते हळू आवाजात सांगितलं, तिलाच लाज वाटत होती. हवालदार भाऊंजवळ आला आणि म्हणाला, "आबा, तुम्ही ह्याच गाडीतनं त्यांना वाडीवर न्या. मी पुढं चालतो, वाट करून देतो."

भाऊंनी नाही म्हणून मान हलवली. "येताना पेशंट हुता, साहेब. आता काय म्हनून रस्त्यावर घालू?"

त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता. मी टेम्पोवाल्याला फोन केला, तो म्हणाला, ताई, येतो, पण ह्या गर्दीत कधी पोचेन सांगता येत नाही. मग इंदुरीला त्यांच्या मुलीला फोन केला. तो फोन कसा केला ते मी लिहीत नाही. परत बाहेर आले तर भाऊ बग्गीत आपल्या जागेवर बसले होते, मावशींच्या शेजारी. मी घरातून चादर आणली, तर म्हणाले, तोंड झाकू नका. रांग आता हळूहळू सरकायला लागली होती. गाड्या बाजूनं जात होत्या आणि त्यातली माणसं बग्गीकडं बघून जात होती.

मी त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. डॉक्टर अजून तिथंच होती, कागद लिहीत. भाऊ समोर बघत म्हणाले, "ताई, एक इचारू का?"

"विचारा."

"उंबराखाली आलो तवाच तसाच खाली निघालो असतो तर?"

आयुष्यात मला बोलायला कधी वेळ लागलेला नाही. तेव्हाही लागला नाही. मी म्हटलं, "नाही भाऊ. काही फरक पडला नसता. त्यांची वेळच आली होती."

भाऊंनी माझ्याकडं बघितलंच नाही. ते डॉक्टरकडं बघत होते. त्या मुलीचं लिहिणं थांबलं होतं आणि तिनं मान खाली घातली होती.